नाण्याची झीज भरून निघत नाही

अमेरिकेच्या टाकसाळीने १८२२ साली पाच डॉलरची सोन्याची १७,७९६ नाणी पाडली. त्यांतली आज फक्त तीन माहीत आहेत. दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहेत आणि ती विक्रीला येण्याची शक्यता नाही. तिसरे मात्र खासगी हातांत राहिले. बाल्टिमोरचे धनिक लुई एलियासबर्ग यांच्या संग्रहातले हे नाणे १९८२ साली लिलावात ६ लाख ८७ हजार ५०० डॉलरला गेले. त्या वेळी त्याची गणना ‘व्हेरी फाइन’ या गटात होत होती. म्हणजे नाणे बऱ्यापैकी हाताळलेले, ठळक तपशील शाबूत, पण उंचवटे उघड झिजलेले. मार्च २०२१ मध्ये हेच नाणे ८४ लाख डॉलरला विकले गेले, तेव्हा ते नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या पीसीजीएस या कंपनीच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत होते. डबीवरची ग्रेड होती एयू-५०. एयू म्हणजे ‘अबाउट अनसर्क्युलेटेड’, जवळजवळ न वापरलेले. मधली ‘एक्स्ट्रीमली फाइन’ ही अख्खी पायरी मागे टाकून नाणे वर चढले होते. या चार दशकांत ते कुणाच्या खिशात नव्हते, बाजारात नव्हते, तिजोरीत होते. तिजोरीत सोन्याची झीज थांबते, भरून येत नाही.

अमेरिकेतल्या नाणेबाजारात असा प्रवास केलेली नाणी असंख्य आहेत, आणि या प्रवासाचे समर्थन करणारेही भरपूर. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ही वाढ नव्हे, सुधारणा आहे. पूर्वीचे जाणकार गरजेपेक्षा कडक होते, त्यांच्याकडे पायऱ्या कमी होत्या, नाणी पाहण्याची संधी कमी होती. आता अनुभव वाढला, मोजपट्टी बारीक झाली, म्हणून नाण्याला त्याची खरी ग्रेड मिळते आहे. हे म्हणणे निम्मे खरे आहे. त्या निम्म्या खरेपणाच्या आधारावर उरलेले निम्मे इतकी वर्षे खपून गेले आहे, म्हणून त्याचा सविस्तर समाचार घेणे भाग आहे.

आधी खरा भाग. न्यू ऑर्लिन्सच्या टाकसाळीत पाडलेल्या मॉर्गन डॉलरांवर स्वातंत्र्यदेवतेच्या कानावरचे केस पुष्कळदा सपाट दिसतात. ठसा जोरात न बसल्यामुळे तिथला तपशील मुळात उमटलेलाच नसतो. एके काळी कित्येक संग्राहक याला झीज समजत आणि नाणे खालच्या गटात टाकत. त्या सपाट भागावरूनही टाकसाळीची मूळ झळाळी अखंड फिरत असेल तर ती झीज नव्हे, हे आज सराव असलेल्या कुणालाही कळते. अशा नाण्याची ग्रेड वाढली तर तक्रारीला जागा नाही. पायऱ्यांचेही तसेच. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७७ साली आपले अधिकृत निकष पुस्तकरूपाने छापले, तेव्हा न वापरलेल्या नाण्यांसाठी, म्हणजे ‘मिंट स्टेट’साठी, तीनच आकडे होते: ६०, ६५ आणि ७०. पुढे ६३ आणि ६७ आले आणि १९८६ मध्ये ६० ते ७० असे अकराच्या अकरा आकडे मान्य झाले. ६० आणि ६५ यांच्या मध्ये अडकलेल्या नाण्याला नंतर ६२ किंवा ६४ मिळाले, यात लबाडी काहीच नाही.

पण ज्ञान वाढले की ते दोन्ही बाजूंनी कापते. सरावलेल्या डोळ्याला दुर्बळ ठसा ओळखता येतो, तशीच जुनी पुसापुशी, बारीक ओरखडे, बुजवलेली भोके आणि कृत्रिम रंगही ओळखता येतो. नजर खरोखर तीक्ष्ण होत गेली असती तर काही नाणी वर गेली असती आणि जवळपास तितकीच खाली आली असती. तसे झालेले नाही. आणि ज्या एका काळात ग्रेड मोठ्या प्रमाणावर खाली आल्या, त्याचा ज्ञानाशी काही संबंध नव्हता.

तो काळ म्हणजे १९८० नंतरची पाच-सहा वर्षे. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास पोहोचली होती आणि तिच्या मागोमाग नाणीही पेटली होती. असोसिएशनच्याच एएनएसीएस या शाखेने १९७९ पासून ग्रेडची छायाचित्रासह प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केली होती. तेजीच्या त्या दिवसांत ज्यांच्या कागदावर एमएस-६५ लिहिले गेले, अशा अनेक नाण्यांना १९८५-८६ पर्यंत बाजार एमएस-६३ म्हणू लागला, काहींना त्याहूनही कमी. भाव कोसळले होते, हात पोळलेला ग्राहक भिंग घेऊन बसला होता आणि विक्रेत्याला त्याचे ऐकणे भाग होते. त्या पाच वर्षांत मॉर्गन डॉलरच्या पृष्ठभागाविषयी कुणी नवा शोध लावला नव्हता. बदलले होते ते सौद्यात कोणाचे पारडे जड आहे, एवढेच. याच कडक हवेत फेब्रुवारी १९८६ मध्ये पीसीजीएसने काम सुरू केले आणि पुढच्या वर्षी तिची प्रतिस्पर्धी कंपनी एनजीसी आली. पुढे बाजार सावरला, स्पर्धा वाढली, आणि पट्टी पुन्हा सैल होऊ लागली. ज्ञान असे पुढे-मागे हेलकावे खात नाही. बाजार खातो.

ग्रेड आणि पैसा यांचे हे नाते आजचे नाही, मोजपट्टीच्या जन्मापासूनचे आहे. ७० गुणांची पट्टी ज्याने बनवली तो विल्यम शेल्डन व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीरयष्टीचे प्रकार पाडण्यासाठी प्रसिद्ध. १९४९ मध्ये त्याने १७९३ ते १८१४ या काळातल्या अमेरिकन तांब्याच्या मोठ्या सेंटांवर पुस्तक लिहिले आणि त्यात १ ते ७० असे आकडे दिले. हे आकडे किमतीचे पट होते. एखाद्या प्रकारच्या सेंटाची सर्वांत झिजलेली प्रत एक डॉलरची धरली, तर निर्दोष प्रत सत्तर डॉलरची. भाव बदलताच हे गणित मोडले, पण आकडे उरले, आणि पुढे सोने, चांदी, निकेल अशा सगळ्या नाण्यांवर चिकटवले गेले. शेल्डनबद्दल आणखी एक गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर उघड झाली: न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून घेऊन त्या जागी हलक्या प्रती ठेवणारा तोच होता. नाण्याची ओळख नोंदींनी आणि छायाचित्रांनी पक्की बांधून ठेवली नाही तर काय होते, याचा याहून बोलका पुरावा शोधायला नको.

समर्थकांचे दुसरे उत्तर असते की तपासनीस प्रामाणिक आहेत. बहुतेक असतीलही. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याची गरजच नाही, कारण या व्यवस्थेत सगळे प्रामाणिक असले तरी ग्रेड वरच सरकते. ६४ आणि ६५ यांच्या सीमेवरचे एखादे नाणे घ्या. आज तपासले तर ६४, चार महिन्यांनी दुसऱ्या तपासनिसांपुढे ठेवले तर कदाचित ६५. माणसाच्या नजरेत इतका फरक राहणारच. या एका गुणात किमतीचा फरक कधी दुप्पट असतो, कधी दहापट. मग मालक डबी फोडतो आणि नाणे पुन्हा पाठवतो. पुन्हा ६४ आले तर पुन्हा पाठवतो. ज्या दिवशी ६५ येते त्या दिवशी थांबतो. ६५ मिळालेले नाणे ६४ मिळावे म्हणून फोडणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. ‘क्रॅकआउट’ म्हणतात ते हेच. अमेरिकेत कित्येक व्यापाऱ्यांचे घर या उद्योगावर चालते.

खरा घोटाळा यापुढच्या पायरीवर होतो. अशी सीमेवरची नाणी ६५ च्या डब्यांत साठत जातात. नवा तपासनीस ६५ म्हणजे काय ते पुस्तकातून कमी आणि रोज हाताखालून जाणाऱ्या ६५ च्या डब्यांतून जास्त शिकतो. त्यामुळे काल जी सीमा होती ती आज मध्य होते, आणि नवी सीमा थोडी खाली सरकते. एकाही माणसाने ‘पट्टी सैल करू या’ असे न म्हणता ती सैल होते. धान्य मोजणाऱ्याने मापटे दरवर्षी किंचित लहान करत नेले तर कणगी न भरताच पीक वाढल्याचा हिशेब लागतो, तसा हा हिशेब आहे.

कंपन्या या घसरणीला आळा घालतात का? त्यांची दरपत्रके पाहिली की उत्तर मिळते. पीसीजीएसच्या ‘रिकन्सिडरेशन’ या सेवेत डबीतले नाणे पुन्हा तपासायला देता येते, आणि त्यात ग्रेड खाली येण्याचा धोका नसतो. एक तर तीच राहते किंवा वाढते. वाढली तर नेहमीच्या शुल्काखेरीज नाण्याच्या नव्या किमतीच्या एक टक्का रक्कम हमीपोटी घेतली जाते. म्हणजे ग्रेड चढली की मालकाचा फायदा, कंपनीचाही फायदा. न चढली तर कुणाचे फारसे बिघडत नाही. जो खेळ एकाच बाजूने खेळता येतो त्याच्या निकालाला ‘ज्ञानाची प्रगती’ म्हणणे हा वाचकाच्या बुद्धीचा अपमान आहे.

२०१० मध्ये दोन्ही मोठ्या कंपन्यांनी आकड्यापुढे अधिकचिन्ह लावायला सुरुवात केली: ६४ प्लस, ६५ प्लस. हे अचूकतेकडे टाकलेले पाऊल म्हणून सादर झाले. पण एकाच नाण्याला दोन वेळा तपासल्यावर तोच आकडा मिळेल याची जिथे खात्री नाही, तिथे आकड्याचे आणखी तुकडे पाडून अचूकता येत नाही. आणखी एक सीमा तयार होते, आणि सीमेवरची नाणी पुन्हा पाठवण्याचे आणखी एक कारण. ज्या कपाटातली नाणी गेली वीस वर्षे शांत पडली होती, तीही मग पोस्टाने फिरू लागतात.

आता सर्वांत वादग्रस्त जागा, म्हणजे वापरलेले आणि न वापरलेले यांच्यामधली रेषा. ही रेषा तरी स्पष्ट असावी, अशी साध्या माणसाची अपेक्षा असते. जुन्या पुस्तकांत ती होतीही: उंचवट्यावर झिजेची खूण दिसली की नाणे ‘एयू’, मग ते कितीही देखणे असो. पुढे ‘बाजारी ग्रेडिंग’ आले. उंचवट्यावरची किरकोळ घास बाजारात फिरून आलेली नसून कपाटाच्या खणात सरकल्यामुळे किंवा थैलीत दुसऱ्या नाण्यांवर घासल्यामुळे आली आहे, असा अर्थ लावण्याची सोय झाली. सेंट-गॉडन्स यांनी घडवलेल्या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्यावर देवतेची छाती आणि गुडघा सर्वांत वर येतात. तिथे अशी घास हमखास असते, आणि तरीही एमएस-६१, ६२ अशा ग्रेड मिळतात. थैलीतली घास ही गोष्ट खरी आहे. पण डॉलर खिशात घासला की थैलीत, हे धातूवरून नेहमी सांगता येत नाही, आणि शंकेचा फायदा दरवेळी विकणाऱ्यालाच दिला जातो. देखण्या एयू-५८ नाण्याला ओबडधोबड एमएस-६० पेक्षा जास्त मोल असावे, हे मान्य. त्यासाठी जास्त पैसे मोजावेत. वापरलेल्याला न वापरलेले म्हणण्याचे ते कारण होत नाही.

कडक पट्टी टिकवणे अशक्यच असते, असा एक हताश युक्तिवादही ऐकू येतो. तो खोटा ठरवणारी माणसे अमेरिकेतच आहेत. जुन्या तांब्याच्या सेंटांचे संग्राहक १९६७ पासून ‘अर्ली अमेरिकन कॉपर्स’ या संघटनेत एकत्र आहेत. ते आधी नाण्याची झीज मोजतात, मग खड्डे, गंज, कडेचे घाव, रंगाचा दोष यांचे गुण वजा करतात आणि निव्वळ ग्रेड काढतात. सेंटांचे मोठे संग्रह लिलावात येतात तेव्हा कॅटलॉगात एकाच नाण्यासमोर कंपनीची ग्रेड आणि या मंडळींच्या पद्धतीची ग्रेड शेजारी शेजारी छापलेली आढळते, आणि दुसरी बहुधा खालची असते, कधी कधी एका अख्ख्या गटाने. हे संग्राहक एकमेकांची नाणी ओळखतात, प्रत्येक प्रकारातल्या उत्तम प्रतींच्या याद्या पिढ्यान् पिढ्या जपतात. डबीपेक्षा यादीला मान आहे, म्हणून पट्टी टिकली.

खुद्द बाजारातल्या माणसांनीही घसरणीची कबुली कृतीने दिलेली आहे. एनजीसीचे संस्थापक जॉन अल्बानीज यांनी २००७ मध्ये सीएसी ही कंपनी काढली. तिचे काम काय, तर इतर कंपन्यांनी आधीच ग्रेड दिलेली नाणी पुन्हा पाहायची आणि ती त्या ग्रेडला खरोखर शोभत असतील तरच डबीवर हिरवे चिकटपत्र लावायचे. नाणे डबीवरच्या आकड्यापेक्षा वरच्या लायकीचे असेल तर सोनेरी चिकटपत्र; ते मिळते मुख्यतः जुन्या डब्यांतल्या नाण्यांना. ग्रेडवर ग्रेड देण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालतो आणि चिकटपत्र असलेल्या नाण्याला जास्त भाव मिळतो, याचा सरळ अर्थ असा की डबीवरचा आकडा एकट्याने पुरेसा राहिलेला नाही, हे ग्राहकाला कळले आहे.

एवढे झाल्यावर समर्थक शेवटच्या तटबंदीत शिरतात: ग्रेड हे शेवटी एक मत आहे. ही भूमिका कंपन्यांना आधी मान्य नव्हती. सातत्यपूर्ण, वस्तुनिष्ठ ग्रेडिंगच्या जाहिरातींवरून १९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसवर कारवाई केली, आणि तडजोडीत कंपनीला ग्रेडिंगमधली सगळी जोखीम प्रमाणपत्राने नाहीशी होत नाही, असे ग्राहकाला सांगणे मान्य करावे लागले. त्याच वर्षी मॉर्गन डॉलर संगणकाने तपासण्याचा प्रयोग कंपनीने वाजतगाजत केला आणि लवकरच गुंडाळला. ठीक आहे, मत तर मत. पण मताला तारीख असते. १९८७ चे मत, १९९८ चे मत आणि २०२० चे मत एकाच आकड्याने, एकाच आवाजात बोलत असतील तर ऐकणाऱ्याची फसगत होणारच. कंपन्यांची हमीही इथेच पोकळ पडते. नाणे चढ्या ग्रेडचे निघाले तर भरपाई मिळते, पण ते चढ्या ग्रेडचे आहे की नाही हे ठरते आजच्या पट्टीवर. पट्टी जितकी सैल होते तितका हमीचा बोजा आपोआप हलका होतो.

याची झळ कुणाला बसते? रोज शेकडो नाणी पाहणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. झळ बसते ती ज्याने कागदावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवला त्याला. १९८० च्या दशकात सॉलोमन ब्रदर्स ही वॉल स्ट्रीटची पेढी गुंतवणुकीच्या आपल्या वार्षिक तुलनेत दुर्मिळ नाण्यांचा परतावा समभाग आणि रोख्यांच्या शेजारी मांडत असे, आणि ते वाचून अनेकांनी नाण्यांत पैसे घातले. १९८९ च्या मध्यावर बाजार फुटला. आजही एमएस-६५ चा तेव्हाचा भाव आणि आताचा भाव यांचे आलेख काढले जातात, जणू दोन्ही टोकांना एकच वस्तू आहे. आजच्या ६५ मध्ये तेव्हाची ६४ आणि काही ६३ नाणी मिसळली आहेत. मग भाव पडलेले दिसतात त्यात किती वाटा मागणीचा आणि किती माल हलका झाल्याचा, हे त्या आलेखातून वेगळे काढता येत नाही. ‘किती नाणी कोणत्या ग्रेडची’ या कंपन्यांच्या याद्याही अशाच फुगलेल्या. डबी फोडणाऱ्याने जुने लेबल परत केले नाही तर एकच नाणे यादीत तीन-चार वेळा मोजले जाते.

‘डबी नव्हे, नाणे विकत घ्या’ हा सल्ला अशा वेळी हमखास दिला जातो. सल्ला चांगला आहे, पण देणाऱ्यांच्या तोंडी तो शोभत नाही. नाणे न पाहता, केवळ डबीवरच्या आकड्यावर फोनवरून सौदा करता यावा, हेच तर १९८६ मध्ये या डब्यांचे आश्वासन होते. ज्या विधवेला नवऱ्याचा संग्रह विकायचा आहे, तिने पन्नाशीत भिंग घेऊन झळाळी ओळखायला शिकावे, अशी अपेक्षा ठेवायची असेल तर मग तपासणीचे शुल्क कशासाठी घेतले?

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक डबीवर तपासणीचे साल ठळक छापावे. महागड्या नाण्यांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे कंपन्या आता काढतातच. त्यांच्या आधारे तेच नाणे परत आले की ओळखून आधीच्या सगळ्या ग्रेड त्याच्या नोंदीत जाहीर कराव्यात. यादीतून दुहेरी नोंदी वजा कराव्यात. आणि ग्रेड वाढल्यावर घेतली जाणारी टक्केवारी बंद करावी; तपासणीचे शुल्क निकालावर अवलंबून असू नये. १८२२ च्या नाण्याचा एयू-५० हा आकडा योग्यही असू शकतो. पण आधीचे मूल्यमापन आणि बदलाची कारणे त्याच कागदावर असल्याशिवाय घेणाऱ्याने ते मानायचे कशाच्या बळावर?

हा वाद अमेरिकेचा असला तरी त्याची डबी आता मुंबई-पुण्याच्या लिलावांतही दिसते. ब्रिटिश अमलातल्या रुपयांपुरती ही पट्टी निदान लागू तरी पडते, कारण ती यंत्राने पाडलेली नाणी आहेत. मुंबई टाकसाळीचा १९३९ चा दुर्मिळ रुपया घेणाऱ्याला राजाच्या मुकुटावरची झीज किती, हे विचारण्याचा अधिकार आहे. शिवराईचे तसे नाही. तांब्याच्या तुकड्यावर हाताने ठोकलेले ते नाणे. ठसा तुकड्याहून मोठा, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ यांतली किती अक्षरे तुकड्यावर मावली हेच संग्राहक आधी पाहतो. अजिबात न झिजलेली पण अर्धी अक्षरे बाहेर गेलेली शिवराई आणि हाताळलेली पण पूर्ण लेख असलेली शिवराई, यांतली कोणती सरस हे सत्तर गुणांची पट्टी सांगू शकत नाही, कारण तिचा जन्म यंत्राच्या सेंटांसाठी झाला. शिवाय शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, त्यामुळे शिवराई किंवा व्हिक्टोरियाचा रुपया ग्रेडसाठी उठून परदेशी पाठवता येत नाही. ही अडचण म्हणजे आपल्याकडच्या जाणकारांना मिळालेली संधी आहे. लेख किती उमटला, ठसा किती केंद्रात बसला, वजन किती, झीज किती, हे वेगवेगळे लिहिणारी, सही आणि साल असलेली नोंदपद्धत त्यांनी आताच घालून द्यावी. आणि कॅटलॉगात परदेशी डबीतले नाणे घेताना ग्रेडच्या शेजारी त्या प्रमाणपत्राचे साल आणि नाण्याच्या आधीच्या विक्रीच्या ठाऊक नोंदी छापायला इथल्या लिलावगृहांना अमेरिकेतल्या कुठल्याही कंपनीची परवानगी लागत नाही.